निलगिरीची रोपं बियाण्यापासून : शिरपूरकडच्या १० एकर बरडासाठी

बरड_शिरपूर

नमस्कार मंडळी. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला १० एकर बरड आहे. वर हातभर लालसर माती, खाली मुरूम. कपाशी तिथे पोसत नाही. येत्या जुलैत ३ बाय २ मीटरवर निलगिरी लावायची आहे आणि रोपं विकत न घेता बियाण्यापासून घरीच करायची आहेत. सोय म्हणाल तर ८०० चौरस फुटांचं ५० टक्क्यांचं शेडनेट उभं आहे, बोअरचं पाणी आहे (थोडं खारवट), शेणखत घरचं.

आता डिसेंबर चालू आहे. बी किती लागेल, कुठल्या जातीचं घ्यावं, कधी टाकावं, पिशवीत थेट टाकावं की गादीवाफ्यावर, आणि उगवल्यावर रोपं कोलमडतात असं ऐकतो त्याचं काय, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं. आकडे दिले तर फार बरं होईल.

---

गिरणाकाठ

आधी हिशोब. ३ बाय २ वर हेक्टरी १,६६७ झाडं बसतात, म्हणजे तुमच्या १० एकरांत साधारण ६,७५०. त्यावर नांगी भरायला (शेतात मेलेल्या रोपांच्या जागी दुसरी लावायला) १० टक्के धरा, आणि रोपवाटिकेत खुजी, वाकडी, दुबळी म्हणून काढून टाकायची वीसेक टक्के धरा. ९,००० पिशव्या भरायची तयारी ठेवा. वीस टक्के काढून टाकणं जिवावर येतं, पण तिथे हात आखडू नका. बियाण्याच्या निलगिरीत एका वाफ्यातली रोपं एकसारखी नसतातच. वाटिकेत मागे पडलेलं रोप शेतात क्वचितच पुढे येतं.

बी फार बारीक असतं आणि ते भुशासकटच मिळतं. तो भुसा म्हणजे न फळलेली बीजांडं. आकाराने बियांएवढाच, त्यामुळे चाळून किंवा पाखडून नीट वेगळा होत नाही. म्हणून निलगिरीत ‘उगवण इतके टक्के’ असं बोलून उपयोग नाही, ‘ग्रॅमला किती दाणे उगवतात’ हे विचारायचं. टेरेटिकॉर्निस आणि कॅमल्डुलेन्सिस या आपल्याकडे चालणाऱ्या दोन जातींत चांगल्या लॉटमध्ये ग्रॅमला ३०० ते ६०० उगवणारे दाणे मिळतात. ४०० धरले आणि वाफ्यावर त्यातले निम्मे हाती लागले असं मानलं, तरी ५० ग्रॅममध्ये १०,००० रोपं होतात. किलोभर घेऊन ठेवायचं काही कारण नाही.

पण ते पन्नास ग्रॅम टाकण्याआधी तपासा. ०.१ ग्रॅमच्या चार पुड्या सोनाराच्या काट्यावर मोजून घ्या. चार झाकणाच्या डब्यांत ओला टिपकागद घालून त्यावर पसरा, उजेड येईल अशा जागी पण थेट उन्हात नको. १४ दिवस उगवलेले दाणे मोजत जा. चारही डब्यांची बेरीज भागिले ०.४ म्हणजे तुमचा ग्रॅमचा आकडा. तो १५० च्या खाली आला तर बी जुनं आहे किंवा भुसाच जास्त आहे.

वेळ : डिसेंबर-जानेवारीत टाकू नका. धुळे-जळगावला रात्री पारा १० च्या आसपास उतरतो. या जातींना उगवायला २५ ते ३५ अंश लागतात. थंडीत बी पडून राहतं, ओल्या वाफ्यात बुरशीला आयतं मिळतं. फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात टाका. पाचव्या-सहाव्या दिवशी उगवण दिसते, दोन आठवड्यांत जे यायचं ते येतं. तिथून जुलैच्या पहिल्या पावसापर्यंत साडेचार-पाच महिने मिळतात, पिशवीच्या रोपाला तेवढेच हवेत. बियाण्याला गरम पाणी, आम्ल, भिजवणं, काहीही करायचं नाही.

गादीवाफा १ मीटर रुंद, ६ मीटर लांब, १५ सेंमी उंच पुरेल. चौरस मीटरला २,००० पेक्षा जास्त रोपं झाली की दाटी होते, आणि दाटी झाली की मर (रोपं कोलमडण्याचा रोग) आलीच. खाली पोयटा, वाळू, शेणखत समभाग, आणि वरचा १ सेंमी थर निव्वळ धुतलेल्या नदीच्या वाळूचा. वाफा आदल्या दिवशी भरपूर भिजवा. बी त्याच्या दहापट कोरड्या बारीक वाळूत मिसळून मिश्रणाचे दोन भाग करा. एक भाग लांबीच्या दिशेने फेकत जा, दुसरा आडवा, म्हणजे पट्टे राहत नाहीत. फेकायला मोठ्या भोकांची मिठाची डबी उत्तम. वरून २ मिमीच्या चाळणीतून वाळू अशी पाडा की दाणे जेमतेम दिसेनासे व्हावेत. अर्धा सेंमी वाळू पडली की निम्मं बी वर येत नाही. त्याला पोटात अन्न नसतंच म्हटलं तरी चालेल आणि उजेडही लागतो. गोणपाट झाकायची आपल्याकडची सवय इथे सोडा.

---

तापी_खोरं

गिरणाकाठ यांच्याशी बाकी सहमत. पिशवीच्या मातीबद्दल लिहितो, कारण खान्देशात निलगिरीची रोपवाटिका फसते ती बहुतेक वेळा मातीमुळे.

काळी माती पिशवीत अजिबात नको, ‘थोडी चालेल’ असंही नको. पाणी दिलं की चिखल, मुळांना हवा नाही. मे महिन्यात अर्धा दिवस पाणी चुकलं की गोळा आकसून पिशवीपासून सुटतो, कडेच्या फटीतून पुढचं पाणी थेट खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच. वरून ओलं दिसतं आणि रोप मात्र मान टाकतं. त्यात आपल्या काळ्या मातीत चुना, सामू (पीएच) ८ च्या वर. निलगिरीला त्या मातीत लोह उचलता येत नाही आणि शेंड्याची पानं पिवळी पडतात.

प्रमाण : नदीकाठचा पोयटा किंवा तुमच्या बरडावरची लाल माती २ भाग, वाळू १ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत १ भाग. बरडाची माती घेणार असाल तर आधी तिच्यावर लिंबू पिळून किंवा सौम्य आम्ल टाकून बघा, फसफसली तर त्यात चुना आहे, दुसरीकडची आणा. सगळं ५ मिमीच्या जाळीतून चाळा. शेणखत मुठीत धरल्यावर शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. कच्च्या खताबरोबर उधई आणि हुमणी दोन्ही पिशवीत येतात. हुमणी एका रात्रीत मूळ खाते, रोप सकाळी उभंच असतं पण ओढलं की सरळ हातात येतं.

४ बाय ६ इंचाच्या पिशवीत साधारण ४०० मिली माती बसते. ९,००० पिशव्यांना दीड ब्रास मिश्रण धरा. पिशवीला तळाशी आणि बाजूला मिळून ८-१० भोकं हवीत. चौरस मीटरला दोनशेवर पिशव्या उभ्या राहतात, त्यामुळे ८०० फुटांच्या शेडनेटमध्ये वाटा सोडूनही तुमचं काम बसेल.

---

बरड_शिरपूर

फार उपयोगी. दोन शंका. पिशवीऐवजी रूट ट्रेनर (रोपं वाढवायचे कप्प्यांचे ट्रे) घ्यावेत का? आणि मर रोगाला बुरशीनाशक कुठलं? इथल्या दुकानात सगळे कार्बेन्डाझिमच देतात.

---

पांझराकाठ

मर आधी ओळखा, मग औषध. वाफ्यावर रोप आडवं पडलं म्हणजे बुरशीच असं नसतं. गुडघे टेकून भिंगातून बघा.

खोड मातीलगत पाणचट, मऊ, चिमटीत धरलं तर विरघळतं, आणि आडवी रोपं गोलाकार चट्ट्यात वाढत जातात : ही पिथियमसारख्या बुरशीची मर. यावर कार्बेन्डाझिम चालत नाही. दुकानात तेच देतात म्हणून लोक तीन-तीनदा ओततात आणि वाफा रिकामा होतो. मेटॅलॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्र बुरशीनाशक २ ग्रॅम प्रति लिटर, चट्ट्यावर आणि त्याच्याभोवती वीतभर झारीने ओतायचं.

खोड मातीलगत तपकिरी, सुकून दोऱ्यासारखं बारीक झालेलं : ही रायझोक्टोनिया. इथे कार्बेन्डाझिम १ ग्रॅम किंवा कॅप्टन २ ग्रॅम प्रति लिटर काम करतं.

खोडावर मातीलगत एका बाजूला पांढुरका खड्डा, बहुधा नैर्ऋत्येकडे, आणि रोपं विखुरलेली पडलेली : हा रोग नाही. दुपारी वाळूचा पृष्ठभाग तापून कोवळं खोड भाजलेलं असतं. मार्चच्या मध्यापासून आपल्याकडे हे होतं. दुपारी १२ आणि ३ ला वाळू थंड होईल इतकाच हलका फवारा आणि नेटवर दुसरं नेट, एवढाच उपाय. याला बुरशीनाशक ओतणं म्हणजे रोपाला आणखी त्रास.

खोड कापून रोप बाजूला पडलेलं : कुरतडणारी अळी. माती बोटाने उकरा, जवळच वेटोळं घालून सापडेल.

मर येऊ नये म्हणून करायचं ते सगळं पाण्याशी बांधलेलं आहे. संध्याकाळी वाफ्याला पाणी देऊ नका, रात्रभर पृष्ठभाग ओला राहतो. सकाळी ८ आणि दुपारी गरजेप्रमाणे. जाड थेंबाची झारी चालत नाही. एक जोरदार धार पडली की बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं आणि तिथेच दाटी, तिथेच मर. पाठीवरच्या पंपाला बारीक नोझल लावून द्या, पण हा पंप नवा किंवा फक्त पाण्यासाठी राखलेला हवा. ज्या पंपातून कधी २,४-डी हे तणनाशक मारलंय तो कितीही धुतला तरी वाफ्याजवळ आणू नका. कपाशीची पानं त्याने कशी वेडीवाकडी होतात ते सगळ्यांनी पाहिलंय, निलगिरीचं दोन पानांचं रोप तर त्यापुढे काहीच नाही.

आणि मुंग्या. हे कुणी सांगत नाही. लाल बारीक मुंग्या निलगिरीचं बी दाणा-दाणा उचलून नेतात. आठ दिवस वाट बघून ‘बी खोटं निघालं’ म्हणणाऱ्यांनी आधी वाफ्याच्या कडेची मुंग्यांची रांग बघावी. वाफ्याभोवती क्लोरपायरीफॉस १.५ टक्के भुकटीची रेघ ओढा, हातमोजे घालून. ट्रे वापरत असाल तर ट्रेच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

---

नवापूर_रोपं

रूट ट्रेनरबद्दल. १५० मिलीचे कप्पे घ्या, आतून उभ्या धारा असलेले आणि तळ उघडा. ९,००० कप्प्यांना साडेतेराशे लिटर मिश्रण लागतं. धुतलेला कोकोपीट ३ भाग, जळकी भाताची टरफलं १ भाग, गांडूळखत १ भाग. टरफलं आमच्या नवापूरकडे भात गिरणीवर मिळतात. काळी झाली की लगेच पाणी मारून विझवा, पांढरी राख झाली तर सामू वर जातो.

ट्रेनर लोखंडी स्टँडवर जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवायचे. तळातून बाहेर डोकावणारं मूळ हवेत वाळतं आणि आत बाजूची मुळं फुटतात. पिशवीत मूळ तळाला गोल फिरतं. ते गोल मूळ तसंच लावलं की झाड दोन वर्षं बरं दिसतं आणि तिसऱ्या वर्षी वादळात मुळासकट आडवं होतं.

ट्रेनरमध्ये थेट बी टाकता येतं, काडीच्या ओल्या टोकावर चिकटतील तेवढे चार-पाच दाणे. चार पानांवर आल्यावर सगळ्यांत जोमदार एक ठेवून बाकीची नखाने किंवा कात्रीने कापायची. उपटायची नाहीत, ठेवलेल्याचं मूळ हलतं. पुनर्लागण वाचते, मूळ सरळ राहतं. रोप साडेतीन महिन्यांत तयार होतं, म्हणजे मार्चच्या मध्याला टाकलं तरी चालतं.

तोटा एकच, पण तुमच्या बाबतीत तो मोठा आहे. १५० मिलीत पाणी धरतं किती? मे महिन्यात दिवसातून तीन-चारदा पाणी लागतं. वीज आठ तास आणि तीही रात्रीची असेल तर फॉगर-टाकी नसताना ट्रेनरच्या नादी लागू नका. पाण्याची खात्री नसेल तिथे पिशवीच बरी.

---

तापी_खोरं

नवापूरकरांचा मुद्दा रास्त आहे. पिशवीच घेणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा.

पुनर्लागण : रोपाला बीजपत्रांव्यतिरिक्त पानांची दुसरी जोडी आली की काढा, उंची तेव्हा ३ ते ५ सेंमी असते. उशीर केला की मूळ लांबतं आणि पिशवीत शिरताना वाकतं. वाफा तासभर आधी भिजवा, खालून काडी घालून उचला आणि रोप कायम पानाला धरा. खोडाला चिमटीत धरलं की ते दबतं आणि चार दिवसांनी मर लागल्यासारखं पडतं. मूळ ४ सेंमीपेक्षा लांब असेल तर टोक नखाने खुडा. पिशवीत पेन्सिलीएवढ्या जाड काडीने ६ सेंमी खोल भोक, मूळ जरा जास्त खोल सोडून मग वर ओढून सरळ करा, आणि काडी बाजूला तिरपी खुपसून माती मुळाच्या टोकाकडून दाबत वर या. फक्त वरून दाबलं तर खाली पोकळी राहते. काढलेली रोपं ओल्या फडक्यात, एका वेळी शंभरच. हे काम दुपारी चारनंतर. पहिले ८-१० दिवस दुहेरी नेट.

पिशव्या हलवणं : दर तीन आठवड्यांनी प्रत्येक पिशवी उचलून जागा बदला, बाहेर आलेलं मूळ तुटतं. खाली जाड प्लास्टिक अंथरलं तरी हे करायचंच. हलवताना उंचीप्रमाणे लावा, उंच मागे आणि बुटकी पुढे, म्हणजे बुटक्यांवर सावली येत नाही. पिशवी हलवलेल्या दिवशी सकाळीच पाणी द्या, मूळ तुटल्यामुळे दुपारी रोपं माना टाकतात.

खत : लागणीनंतर तीन आठवडे काही नको. मग आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत, १ ग्रॅम प्रति लिटर, पुढे २ ग्रॅमपर्यंत. वरून साधं पाणी फवारून पानं धुवा. युरिया टाकून उंची काढायचा मोह आवरा. दोन फूट उंच आणि काडीसारखं बारीक रोप शिरपूरच्या वाऱ्यात उभं राहत नाही.

---

गिरणाकाठ

पाण्याचं राहिलं. बोअर ‘थोडं खारवट’ म्हणजे किती, हे माती-पाणी तपासणीत बघून घ्या. विद्युत वाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप) १ डेसीसायमन्स प्रति मीटरच्या आत असेल तर निर्धास्त. दीडच्या वर गेली तर कोवळ्या पानांच्या कडा जळतात. अशा वेळी निदान वाफ्यासाठी आणि पहिल्या महिन्यासाठी कॅनॉलचं किंवा साठवलेलं पाणी वापरा.

पिवळेपणा दोन तऱ्हेचा. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या : लोह कमी. फेरस सल्फेट ३ ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल अर्धा ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने दोनदा. खालची जुनी पानं सरसकट फिकी : नत्र कमी. उलटं औषध केलं तर महिना वाया जातो.

---

सावखेडा_वन

एप्रिल-मे हाच खरा कस. आपल्याकडे ४४-४५ अंश आणि पश्चिमेकडून झळा. शेडनेट डोक्यावर असतं, बाजू उघड्या असतात आणि झळ बाजूनेच येते. पश्चिम आणि दक्षिण बाजूला जमिनीपासून डोक्याइतकी उंच जाळी ताणा, शक्य असेल तर आतापासूनच बाहेरून शेवरीची ओळ टाका, मेपर्यंत ती आडोसा करते. पाणी घड्याळावर देऊ नका. पाच-सहा पिशव्या उचलून वजन बघा, हलकी लागली की द्या. आणि टाकीपासून नेटपर्यंत उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी बाहेर सोडून द्या, दुपारी ते हाताला चटका देतं.

जूनच्या सुरुवातीपासून कणखर करणं : आधी सकाळी १० पर्यंत नेट बाजूला, मग १२ पर्यंत, तिसऱ्या आठवड्यात पूर्ण काढा. पाणी हळूहळू कमी करा, पण रोप सकाळी मान टाकलेलं दिसता कामा नये. नत्र बंद, शेवटच्या तीन आठवड्यांत हलकं पोटॅश. तयार रोप म्हणजे २५ ते ४० सेंमी उंच, बुंधा ३ ते ४ मिमी, खालचं खोड लालसर आणि काष्ठमय, गोळा फोडला तर पांढरी मुळं कडेपर्यंत.

गाठमाशी बघत राहा. पानाच्या मुख्य शिरेवर, देठावर, कोवळ्या फांदीवर आधी हिरव्या, मग गुलाबी चकचकीत गाठी आल्या तर ती लेप्टोसायबी. जेमतेम दीड मिमीची काळी गांधीलमाशी, निळसर झाक असलेली. ती मूळची ऑस्ट्रेलियातली. आपल्या देशात दक्षिणेकडे २००० नंतर दिसली आणि पसरली. नराशिवायच अंडी घालते, त्यामुळे एका रोपावरून सगळा वाफा जायला वेळ लागत नाही. गाठीच्या आत अळी असताना वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. गाठी असलेले शेंडे खुडून जाळायचे, पिवळे चिकट सापळे लावायचे, आणि भर म्हणून बाहेरच्या वाटिकेतून आणलेली दोन-चारशे रोपं आपल्या नेटमध्ये ठेवायची नाहीत.

---

बरड_शिरपूर

सगळं टिपून घेतलं. पिशवीच करतो. बियाण्याचं मात्र अजून पक्कं नाही. रस्त्याकडेला जुनी उंच झाडं आहेत, त्यांची बोंडं काढली तर? आणि क्लोनची (एकाच निवडक झाडाच्या फांद्यांपासून केलेली) रोपं घ्या असंही दोघांनी सांगितलं.

---

सावखेडा_वन

रस्त्याकडेच्या झाडाचं बी नको. एकट्या-दुकट्या झाडात बरंचसं बी स्वतःच्याच परागावर धरतं आणि त्याची रोपं खुजी, वेडीवाकडी निघतात. क्लोनच्या मळ्यातलं बी तर त्याहून नको, तिथे शेजारचं झाडही तेच झाड असतं. आपल्याकडची जुनी झाडं बहुतेक ‘म्हैसूर गम’ची. कर्नाटकातल्या नंदी हिल्सवरून निघालेल्या टेरेटिकॉर्निसच्या या वाणात सरमिसळ आहे, पुढच्या पिढीत एक झाड सरळ आणि चार फांद्याळ असं होतं.

बीजबागेतलं (बियाण्यासाठीच निवडक झाडं लावलेल्या बागेतलं) बी घ्या. कोईमतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्ष प्रजनन संस्थेकडे चौकशी करा. पाकिटावर जात, मूळ ठिकाण, गोळा केल्याचं वर्ष आणि ग्रॅमला उगवणारे दाणे या चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात. तुमचं पाणी खारवट आणि जमीन कोरडी, म्हणून कॅमल्डुलेन्सिस बघा. क्वीन्सलँडमधल्या पेटफर्डचं मूळ असलेलं बी उष्ण-कोरड्या भागात नावाजलेलं आहे. ग्लोब्युलस, म्हणजे उटीकडे तेल काढतात ती जात, इथल्या उन्हात टिकणार नाही. आल्यावर रंगावरूनही अंदाज येतो. कॅमल्डुलेन्सिसचा दाणा पिवळसर-तपकिरी, टेरेटिकॉर्निसचा काळपट, भुसा दोन्हींत तांबूस. पाकिटावर कॅमल्डुलेन्सिस आणि आत काळे दाणे असतील तर विचारणा करा. उरलेलं बी कोरडं करून हवाबंद बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा, चार-पाच अंशांवर वर्षानुवर्षं टिकतं.

क्लोनने उत्पादन सारखं आणि जास्त येतं हे खरं, आणि विकायलाच लाकूड काढायचं तर भद्राचलमचे क्लोन आंध्र-तेलंगणात त्यासाठीच लावतात. पण क्लोन विशिष्ट जमिनीसाठी निवडलेला असतो. तुमच्या बरडाला कुठला जमेल हे लावून बघितल्याशिवाय कळत नाही. दोन एकरांत दोन-तीन क्लोन आणि आठ एकरांत बियाण्याची रोपं, असं मी सुचवीन. रोपांचा हिशोब त्याप्रमाणे ७,२०० पिशव्यांवर येईल.

एक करा, बी मागवण्याआधी. बरडात पाच-सहा जागी तीन फूट खोल खड्डे घ्या. मुरूम कुदळीने फुटतो का आणि त्याखाली पांढरी चुनखड लागते का ते बघा. फुटणारा मुरूम चालेल, ४५ सेंमीचा घनखड्डा घेऊन त्यात वरची माती भरा. दीड-दोन फुटांवर सलग चुनखड लागली तर तेवढा तुकडा निलगिरीतून वगळा, तिथे झाड पहिल्या वर्षी वाढतं आणि मग शेंड्यापासून पिवळं पडत जातं. आणि विहीर किंवा बागायती बांध असेल तर त्यापासून निदान ३० फूट लांब राहा, बोअर तुमचं एकच आहे.

---

बरड_शिरपूर

उद्याच खड्डे घेतो. चुनखड निघाली तर फोटो टाकतो.